तांबडा रंग न दिसणारी काच

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांचे, एआयने रंगवलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सारखे फिरत असतात. खाली ओळ असते, 'बघा, खरे रंग!' ते रंग खरे नाहीत. कुठल्याही सॉफ्टवेअरला ते त्या निगेटिव्हमधून काढता येणार नाहीत, कारण तांबडा रंग तिथे बहुतेक वेळा उमटलेलाच नसतो.

त्या काळच्या फोटोच्या काचेवर जिलेटिनचा थर असे आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक. स्फटिकावर प्रकाशकण आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो, भटकत स्फटिकातल्या एखाद्या दोषाच्या जागी अडकतो. ऋणभारामुळे चांदीचा एक आयन (विद्युतभारित अणू) तिकडे ओढला जातो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. असे चारएक अणू एका जागी जमले की पुरे. डेव्हलपर नावाच्या रसायनात बुडवल्यावर अब्जावधी आयनांचा तो अख्खा स्फटिक काळी चांदी होऊन बसतो. चार अणूंवरून अब्जावधी! इतका जबरदस्त गुणाकार निसर्गात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतो. हे कोडं गर्नी आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी ब्रिस्टलमध्ये 1938 साली उलगडलं, म्हणजे युद्ध संपून वीस वर्षं झाल्यावर.

पण इलेक्ट्रॉन सुटायला सुमारे 2.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. निळ्या प्रकाशकणाकडे ती असते. तांबड्याकडे जेमतेम 1.9. तांबडे कण कितीही ओता, काहीच घडत नाही. म्हणूनच डार्करूममध्ये लाल दिवा चालतो. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ फोगेल यांनी 1873 मध्ये दाखवलं की योग्य रंगद्रव्य मिसळलं तर काचेला हिरवा, पिवळाही दिसतो. अशा काचा म्हणजे ऑर्थोक्रोमॅटिक. तांबड्याला त्याही आंधळ्याच.

काचेवर उजेड उमटतो तिथे काळं होतं आणि कागदावर छापताना ते उलटं होतं: निळं पांढरं, तांबडं काळं. आता फोटो पुन्हा बघा. उन्हावाऱ्याने लालबुंद झालेले गाल काळपट येतात, वांगाचे ठिपके ठळक होतात, म्हणून एकोणीस वर्षांचा पोरगा तिशीचा वाटतो. त्यातला काही थकवा खंदकातला, काही रसायनातला. निळी बुबुळं पांढुरकी उमटतात, आणि लोक खाली लिहितात की याच्या डोळ्यांत मृत्यूची चाहूल दिसते. तसलं काही नाही. व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाची किरमिजी फीत जवळपास काळी येते. आकाश कोरं पांढरं पडतं. ब्रिटिश लष्कराचे छायाचित्रकार अर्नेस्ट ब्रुक्स यांनी 5 ऑक्टोबर 1917 रोजी बेल्जियममध्ये फ्रेझेनबर्गजवळ टिपलेली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या जवानांची रांग आठवा: उजळ आकाशासमोर नुसत्या काळ्या आकृत्या.

तांबडा दिसणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा होत्या, क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने त्या 1906 पासून विकल्याही. पण त्यासाठी लागणारी उत्तम रंगद्रव्यं जर्मनीत बनायची, आणि 1914 मध्ये ती वाट बंद झाली. केंब्रिजमध्ये पोप आणि मिल्स या रसायनशास्त्रज्ञांनी ती स्वतः बनवली. ती प्रामुख्याने विमानातून होणाऱ्या टेहळणीसाठी गेली, कारण धुरकट हवेतून निळ्यापेक्षा तांबडा प्रकाश नीट पार होतो.

रंग भरायचेच असतील तर गणवेशाचं कापड आणि पदकांच्या फिती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये जपून ठेवलेल्या आहेत, तिथे बघून भरावेत. गालांचा रंग मात्र अंदाजानेच भरावा लागेल, आणि तो अंदाज आहे हे फोटोखाली लिहायला हवं.