गट नंबरावर पूररेषा कशी आली

पुण्याच्या आसपास जमीन घेण्याआधी जाणता बिल्डर आता तिचा गट नंबर, म्हणजे महसुली नोंदीतला जमिनीचा क्रमांक, संगणकावरच्या नकाशात शोधतो. मग त्यावर विकास आराखड्यातला झोन, आरक्षणं, रस्त्याची रुंदी, डोंगरउतार, निळी आणि लाल पूररेषा असे एकेक थर चढवतो. जमीन घ्यायची की सोडायची, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं. पण हे थर वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामांसाठी तयार झालेले आहेत.

सगळ्यात जुना थर महसुलाचा. 1830च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली, ती शेतसारा ठरवण्यासाठी. साखळी 33 फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर. जमिनीचे भाव आजही त्याच मापात बोलले जातात. 1:7920 प्रमाणाच्या गावनकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळपास 4 मीटर भरते. सारा आकारायला एवढा फरक चालून जायचा. इमारत नदीपासून किती दूर हवी हे ठरवताना तो चालत नाही.

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासल्याचा बांधही गेला आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पाणी कुठवर येऊ शकतं हे शहराने डोळ्यांनी पाहिलं होतं. 1966 मध्ये प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला, विकास आराखड्यांना बळकटी मिळाली. पण पूररेषा आखण्याबाबत पाटबंधारे खात्याचं परिपत्रक निघालं ते 1989 साली. ढोबळमानाने, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटी. पानशेतनंतर 28 वर्षं गेली होती, आणि या उशिराची मला आजही चीड येते.

नकाशांचे थर एकमेकांवर ठेवून बांधकामाची जागा निवडण्याची पद्धत तोवर जगात रुळली होती. इयन मॅकहार्ग यांनी 1960च्या दशकात अमेरिकेत पारदर्शक कागदांवर ती मांडली. त्याच दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडाच्या जमिनींची माहिती संगणकावर आणायला घेतली. आपल्याकडे अडचण थर जुळवण्याची होती. पूररेषा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर काढलेली, तर गावनकाशाला ना उंची ना अक्षांश-रेखांश. शिवेचे जुने दगड शोधून, जीपीएसने त्यांची जागा टिपून, आकसलेला कागद त्यावर ताणून बसवायचा, असं हे किचकट काम आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत भूमी अभिलेख विभागाने ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं. पुढे 2020 मध्ये गावठाणांच्या अशाच ड्रोन मोजणीसाठी केंद्राची स्वामित्व योजना आली. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने भारतीय संस्था आणि कंपन्यांवरचे नकाशे बनवण्याचे निर्बंध उठवले, तेव्हा खासगी कामाला खरा वेग आला.

तरीही नुसत्या थरावर विसंबून चालत नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात हाहाकार उडवला तो आंबिल ओढ्याने, मोठ्या नदीने नव्हे. शिवाय पूररेषा नदीपात्राचे आडवे छेद, म्हणजे ठिकठिकाणची रुंदी-खोली, मोजून काढतात. काठावर राडारोड्याचा भराव पडला की पात्र अरुंद होतं, पाण्याची पातळी चढते, आणि संगणकावरची निळी रेषा मात्र जुन्याच पात्राची राहते. म्हणून पुराचा थर पाहताना त्यामागचं सर्वेक्षण कोणत्या वर्षीचं, हे आधी विचारायला हवं. जमीन कोणत्या झोनमध्ये येते हे सांगणारा झोन दाखला आणि विकास आराखड्यातला तेवढाच भाग दाखवणारा भाग नकाशा अर्ज करून मिळतो, त्यामुळे फ्लॅट घेणाऱ्यालाही हा प्रश्न विचारता येतो.