‘कर फक्त मूठभर लोक भरतात’ हे खरं का नाही

‘मूठभर लोक कर भरतात, बाकीचे फुकट खातात’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. प्राप्तिकर भरणारे थोडेच आहेत, एवढं त्यात खरं आहे. पण प्राप्तिकर म्हणजे सगळा कर नव्हे.

मार्केट यार्डातला हमाल २९९ रुपयांचं रिचार्ज करतो, तेव्हा १८ टक्के जीएसटीपोटी त्यातले सुमारे ४६ रुपये सरकारकडे जातात. (२९९ ला १.१८ने भागा, येणारं उत्तर आणि २९९ यांतला फरक म्हणजे कर.) बंगल्यात राहणाराही तेवढेच ४६ देतो. म्हणजे कमाईच्या मानाने हमालावरचा भार जास्त, आणि मला हेच सलतं.

पेट्रोलवर उत्पादन शुल्क आणि व्हॅट आहेतच.

तुमचं एखादं जीएसटीचं छापील बिल काढा, सीजीएसटी-एसजीएसटीच्या (केंद्राच्या आणि राज्याच्या जीएसटीच्या) ओळी शोधा.