चाकाचा कोड आणि मॉड्यूलचा कोड: सी-५ कॉर्व्हेटच्या एबीएसमधली नेहमीची गफलत

शेव्हरोलेची सी-५ कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार (१९९७ ते २००४) दारात उभी करणाऱ्याला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, काय करतं हे शिकवायला नको. एबीएसचा दिवा लागला तरी साधा ब्रेक लागतो, फक्त करकचून दाबला तर चाक लॉक होऊ शकतं. गाडी निघाल्यावर एकदाच पुढून 'घुर्र' ऐकू येतं, ती पंपाची स्वतःची चाचणी असते. आणि 'सर्व्हिस एबीएस', 'सर्व्हिस ट्रॅक्शन सिस्टिम', 'सर्व्हिस अ‍ॅक्टिव्ह हँडलिंग' असे तीन संदेश ओळीने आले म्हणून बिघाडही तीन झाले असं धरू नका. तिघांचा स्वयंपाक एकाच चुलीवर होतो: एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे या यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, आणि चाकांचा वेग सांगणारे सेन्सर. ती विझली की तिघेही उपाशी.

माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच वाक्याने: "कोड सेन्सरचा आलाय, म्हणजे सेन्सर गेला." त्याचंच जुळं भावंड: "मॉड्यूल तर या गाड्यांचं जातंच, तेच बदल." दोन्ही वाक्यं अधूनमधून खरी ठरतात, म्हणून तर ती मरत नाहीत.

आधी कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, वाचा. त्यासाठी स्कॅनर लागत नाही. चावी चालू, इंजिन बंद, पडद्यावरचे संदेश रीसेटने घालवा, मग डॅशबोर्डवरचं 'ऑप्शन्स' बटण दाबून धरून 'फ्युएल' चार वेळा दाबा. '२८ टीसीएस' (ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएसचे कोडही इथेच) या नावापुढे जे येईल ते आपलं. कोडामागे 'सी' असेल तर दोष आत्ता आहे, 'एच' असेल तर तो इतिहास आहे. कागदावर लिहून घ्या आणि मगच पुसा. न लिहिता कोड पुसणारे आणि बॅटरीची तार काढून 'गाडी रीसेट' करणारे यांना मी माझ्या गाडीला हात लावू देत नाही.

आता मुख्य गोष्ट. चाकांचे कोड दोन जातींचे असतात आणि लोक ते एकाच पोत्यात भरतात. सी १२२१ ते १२२४ म्हणजे त्या त्या चाकाकडून सिग्नल शून्य. सी १२३२ ते १२३५ म्हणजे त्या त्या चाकाचं सर्किट तुटलेलं किंवा शॉर्ट. क्रम दोन्हीकडे एकच: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. नावं ऐकायला सारखी वाटतात, पण मॉड्यूलला या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी कळतात.

या गाडीचा सेन्सर जुन्या पद्धतीचा आहे: चुंबक, त्यावर तारेची गुंडाळी आणि समोर फिरणारी दातेरी कडी. चाक फिरलं की गुंडाळीत वीज तयार होते. चाक थांबलेलं असताना तिथे काहीच नसतं. मग गाडी उभी असताना मॉड्यूलला तार तुटल्याचं कसं कळतं? ते स्वतःच त्या दोन तारांवर किंचित व्होल्टेज ठेवतं आणि सर्किट पूर्ण आहे का ते बघतं. म्हणून १२३२ च्या जातीचा कोड चावी फिरवताच येऊ शकतो. १२२१ च्या जातीचा तसा येत नाही. त्यासाठी गाडी चालावी लागते, बाकीची तीन चाकं फिरतायत आणि चौथं गप्प आहे हे मॉड्यूलला दिसावं लागतं. तेव्हा दिवा कधी लागतो ते बघा. उभ्या गाडीत लागला तर वायर, कनेक्टर, गुंडाळी. थोडं पुढे गेल्यावर लागला तर बेअरिंगचा लूजपणा, कडी, कमजोर सिग्नल. एवढं निरीक्षण फुकट असतं, तरी ते कुणी करत नाही.

या गाडीत सेन्सर सुटा बदलता येत नाही, तो हब बेअरिंगच्या (चाक ज्यावर बसतं आणि फिरतं त्या भागाच्या) आतच असतो. म्हणजे 'सेन्सर बदला' याचा अर्थ अख्खा हब. मी एका गॅरेजला पुढच्या डाव्या हबचे पैसे मोजले आणि दुसऱ्या दिवशी दिवा परत हजर. दोष हबपासून चासीपर्यंत जाणाऱ्या वीतभर वायरीत होता. स्टिअरिंगबरोबर ती सतत वाकते, आतली तार तुटते आणि वरचं आवरण मात्र नव्यासारखं दिसतं.

म्हणून मोजायचं ते मॉड्यूलच्या कनेक्टरवर. तो सोडवा, त्या चाकाच्या दोन पिनांमध्ये ओहम बघा. साधारण हजाराच्या आसपास यायला हवेत, पण आकड्यापेक्षा चारही चाकं एकमेकांशी जुळतात का ते महत्त्वाचं. मग मीटर तसाच ठेवून कुणाला तरी वायर हलवायला सांगा. आकडा नाचला की चोर सापडला. नाही नाचला तर चाक जॅकवर उचला, हाताने फिरवा, एसी मिलिव्होल्ट बघा. इथपर्यंत सगळं ठीक आणि कोड तरी तसाच, तेव्हाच मॉड्यूलच्या इनपुटवर संशय घ्या. चाकापाशी मोजून 'सेन्सर ओके' म्हणणारा मधली सगळी वायर मोजायची विसरलेला असतो.

मॉड्यूलचा स्वतःचा म्हणावा असा कोड सी १२१४: सोलेनॉइड व्हॉल्व्ह रिलेचं (ब्रेकचा दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हना वीज देणाऱ्या स्विचचं) सर्किट तुटलेलं. तो रिले मॉड्यूलच्या आत असतो, आणि तिथले सोल्डरचे जोड वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व थरथरीने तडकतात. हा कोड चाकाबद्दल काहीच सांगत नाही. तो आला म्हणून हब बदलणारे आहेत, हे लिहिताना मलाच लाज वाटते. मात्र इथेही आधी बॅटरी आणि अर्थिंग (वीज गाडीच्या सांगाड्यातून परत नेणारी जोडणी) तपासा. गाडीचं बाह्यांग कॉम्पोझिटचं, त्यामुळे प्रत्येक अर्थिंग वायरीने चासीच्या लोखंडापर्यंत न्यावा लागतो, आणि अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत तिथे गंज ठरलेला. बोल्ट सोडा, घासा, घट्ट करा.

अर्थिंग स्वच्छ करूनही १२१४ परत आला तर मॉड्यूल काढा. ते हायड्रॉलिक ब्लॉकवर (ब्रेक ऑइलचे व्हॉल्व्ह असलेल्या धातूच्या ठोकळ्यावर) स्क्रूंनी बसवलेलं असतं, ब्रेकच्या नळ्या उघडाव्या लागत नाहीत, ब्लीडिंगही (नळ्यांतली हवा काढणं) लागत नाही. हात घालायला जागा अपुरी आहे, एवढाच त्रास. सुरुवातीच्या वर्षांची मॉड्यूलं कंपनीने बनवणं बंद केलंय. भंगारातून त्याच वयाचं दुसरं आणणं म्हणजे तेच तडकलेले जोड पुन्हा विकत घेणं. मी आपलंच मॉड्यूल दुरुस्तीला पाठवतो, ब्लॉकचं उघडं तोंड प्लास्टिकने बांधतो आणि ते परत येईपर्यंत गाडी गॅरेजमध्येच ठेवतो.