शेंगांच्या टरफलांची पूड खाण्यात वापरायची आहे? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी बघा

नवी मुंबईत महापे, रबाळे, तुर्भे भागात गाळा घ्यायचा, भुईमुगाच्या शेंगांची टरफलं दळून त्यातले तंतू बेकरीवाल्यांना विकायचे, हा विचार मुळात चांगला आहे. टरफलात निम्म्याहून जास्त तंतूच असतात आणि आज तो माल बॉयलरमध्ये जळतो. तरीही अर्ज परत येतात, आणि चूक बहुतेक वेळा पहिल्याच पानावर झालेली असते.

'फॉसकॉस'वर, म्हणजे एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवाना पोर्टलवर, उत्पादनाचा प्रकार निवडताना लोक 'प्रोप्रायटरी फूड' (स्वतंत्र मानक नसलेला, स्वतःच्या कृतीचा पदार्थ) निवडून मोकळे होतात. त्यात फक्त नियमांत आधीच मान्य असलेले घटक चालतात. शेंगदाणा मान्य आहे, त्याची लाल सालही आपण दाण्यासोबत खातो. टरफल मात्र आपल्याकडे कुणी खात आलेलं नाही. त्यामुळे ते 2017 च्या 'नॉन-स्पेसिफाइड फूड' (नियमांत अजून न बसलेले पदार्थ-घटक) नियमांत येतं. तिथे आधी एफएसएसएआयची मंजुरी घ्यायची आणि मग केंद्रीय परवाना काढायचा. उलाढाल कितीही लहान असली तरी साधं रजिस्ट्रेशन पुरत नाही. कोपरखैरणेच्या एका ताई लाडवांसाठी मिळालेला रजिस्ट्रेशनचा 14 आकडी नंबर घेऊन आल्या होत्या, पिशवीत टरफलाच्या पुडीचं पाकीट. "नंबर तर आहे ना माझ्याकडे?" तो नंबर लाडवांचा, पुडीचा नाही, हे त्यांना सांगताना मला वाईट वाटलं, कारण चक्की त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती.

मंजुरीच्या अर्जात घटक कशापासून, कसा बनतो, त्यात काय काय आहे, विषारीपणाच्या आणि ॲलर्जीच्या चाचण्या, परदेशात त्याला मान्यता आहे का, हे सगळं द्यावं लागतं. सगळ्यात अवघड प्रश्न असतो तो माणसांनी हे पूर्वी सुरक्षितपणे खाल्ल्याच्या पुराव्याचा. तो कागद कुणाकडेच नसतो. "गावाकडे गुरं खातात" हे उत्तर लिहू नका, गुरांचा अनुभव माणसाला लागू धरत नाहीत. पुरावा नसेल तर चाचण्यांचा खर्च धरूनच हिशोब मांडा.

दुसरा न सापडणारा कागद म्हणजे टरफलांचं बिल. टेम्पोवाला गोणी टाकून जातो, कचऱ्याचं कसलं बिल? पण माल कुठून आला हेच सांगता आलं नाही तर पुढचं सगळं डळमळतं. शेंगा फोडणाऱ्या गिरणीकडून बिल आणि लॉट नंबर आधीच मागून घ्या. टरफलं पावसात भिजली की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीतून तयार होणाऱ्या विषाचा, धोका वाढतो. म्हणून प्रत्येक लॉटची तपासणी एफएसएसएआयने अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेतच करा, ओळखीच्या कुठल्याही लॅबचा रिपोर्ट चालणार नाही.

काजूबद्दल एक कळकळीची विनंती. काजूच्या कवचातल्या तेलाने हातांना फोड येतात, हे कोकणात काजू फोडणाऱ्या बायकांना विचारा. ते कवच खाण्यात आणण्याचा विचारच करू नका.

तारखेचा घोळ सगळ्यात जास्त माणसं बुडवतो. परवान्याच्या अर्जावर शंका काढली गेली की उत्तराला 30 दिवस मिळतात, आणि ते शंका निघाल्यापासून मोजले जातात, तुम्ही पोर्टल उघडल्यापासून नाही. एजंटचा मोबाइल नंबर टाकला असेल तर मेसेज त्याच्याकडे जातो आणि तुम्हाला कळतं अर्ज फेटाळला गेल्यावर. स्वतःचाच नंबर द्या.

गाळा एमआयडीसीतला आणि भाड्याचा असेल तर नुसता भाडेकरार पुरेसा नाही, पोटभाड्याची परवानगीही जोडा. बाकी नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल, ओळखपत्र हे नेहमीचं. लेबलवर शेंगदाण्याची ॲलर्जी-सूचना ठळक छापायची. पूड टरफलाची असली तरी दाण्याचे कण त्यात राहतातच.