कारखान्याखालून जाणारे पाणी

कारखान्याच्या परिसरातील भूजलाचा तपासणी अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर एकाच रकान्याकडे जाते आणि घटक मर्यादेच्या आत आहे की बाहेर, एवढे पाहून कागद बाजूला ठेवला जातो. नियमित निरीक्षणाचा मुख्य प्रश्न मात्र याहून वेगळा आहे. कारखान्याखाली शिरताना पाणी कसे होते आणि तिथून पुढे जाताना त्यात काही बदल झाला आहे का, हे त्यातून शोधायचे असते. त्यासाठी पाणी कोणत्या दिशेने चालले आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.

ही दिशा जमिनीच्या उतारावरून खात्रीने सांगता येत नाही. एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरींमधील पाण्याची पातळी एकाच दिवशी मोजून, ती समुद्रसपाटीच्या संदर्भात मांडली, तरच भूजलाचा उतार कळतो. कारखान्याच्याच कूपनलिकांचा उपसा वाढला किंवा पावसाळ्यात जवळच्या नदीची पातळी चढली, तर हा उतार बदलूही शकतो, म्हणून पातळी दर फेरीत नव्याने मोजतात. प्रवाहाच्या वरच्या अंगाला असलेली विहीर कारखान्याचा स्पर्श न झालेले पाणी दाखवते. खालच्या अंगाच्या विहिरींची तुलना तिच्याशी होते. वरच्या विहिरीतच नायट्रेट जास्त असेल, तर त्याचे खापर कारखान्यावर फोडता येत नाही. उलट, खालच्या विहिरीतील क्लोराइड मर्यादेच्या बरेच आत असूनही वरच्यापेक्षा सातत्याने दुप्पट येत असेल, तर मधल्या जागेत काहीतरी झिरपत असल्याचा संशय घ्यावाच लागतो.

भूजल किती सावकाश चालते, याची कल्पना सहसा नसते. फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी याने 1856 साली वाळूच्या थरांवरील प्रयोगांतून मांडलेल्या नियमाने हा वेग काढता येतो. समजा, वाळूच्या थराची जलवाहकता, म्हणजे थर पाणी किती सहज वाहू देतो याचे माप, दिवसाला 10 मीटर, पाण्याच्या पातळीचा उतार हजार मीटरला 5 मीटर आणि प्रवाहाला उपलब्ध असलेली सच्छिद्रता (थरातील पोकळ्यांचे प्रमाण) 25 टक्के आहे. तर पाणी दिवसाला 20 सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे 73 मीटर सरकते. अशा ठिकाणी दर तीन महिन्यांनी नमुना घेणे पुरेसे ठरते, कारण दोन फेऱ्यांमध्ये पाणी जेमतेम 18 मीटर पुढे गेलेले असते. भेगाळलेल्या कठीण खडकात हे गणित लागू पडत नाही. तिथे पाणी एखाद्या भेगेतून वेगाने पुढे निघून जाते आणि शेजारच्या विहिरीला त्याचा पत्ताही लागत नाही.

नमुना घेण्याचे काम बाहेरून किरकोळ वाटते, पण माझ्या मते अहवालाची विश्वासार्हता प्रयोगशाळेपेक्षा विहिरीच्या तोंडाशीच अधिक ठरते. केसिंगमध्ये, म्हणजे विहिरीत बसवलेल्या नळीत, साचून राहिलेले पाणी हवेच्या संपर्काने बदललेले असते. ते जलधरातील, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भूस्तरातील, पाण्याचे प्रतिनिधित्व करत नाही. म्हणून ते आधी उपसून टाकतात किंवा छोट्या पंपाने मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी वेगाने पाणी काढत राहतात. त्या वेळी सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा दर काही मिनिटांनी नोंदवला जातो, आणि लागोपाठच्या तीन नोंदी जवळजवळ सारख्या आल्या की मगच बाटली भरली जाते. विरघळलेल्या धातूंसाठीचे पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढून त्यात नायट्रिक आम्ल घालतात, नाहीतर काही धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात किंवा साका होऊन तळाशी बसतात. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी 40 मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरून बंद केल्यावर उलटी धरून पाहतात. आत बुडबुडा दिसला तर तो नमुना टाकून द्यायचा, कारण द्रावक त्या हवेत शिरतो आणि पाण्यातील प्रमाण कमी दिसते. विहिरींचा क्रमही ठरलेला असतो. आधी स्वच्छ, शेवटी दूषित.

प्रत्येक प्रदूषक पाण्याच्या चालीने चालत नाही. क्लोराइड पाण्याबरोबर सरकते, म्हणून ते आगाऊ सूचना देते. शिसे मातीच्या कणांना धरून मागे राहते. क्रोमियमच्या दोन रासायनिक रूपांपैकी सहासंयुजी क्रोमियम पाण्यातून सहज वाहते, तर त्रिसंयुजी क्रोमियम बहुधा गाळातच अडकते. डिझेल पाण्याच्या पातळीवर तरंगते. धातूचे भाग धुण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोइथिलीन पाण्याच्या सुमारे 1.46 पट जड असल्याने खाली बुडत जाते. उथळ विहीर निर्धोक दिसत असताना खोल थरात त्याचा साठा असू शकतो, म्हणून एकाच जागी वेगवेगळ्या खोलीच्या विहिरी खणाव्या लागतात.

आकडे वाचतानाही घाई नको. 10 विहिरी आणि 20 घटक म्हणजे दर फेरीला 200 तुलना. त्यांपैकी प्रत्येकीत चुकीच्या इशाऱ्याची शक्यता 1 टक्का धरली, तरी काहीही बिघडलेले नसताना सरासरी 2 इशारे येणारच. म्हणून एखादा आकडा उसळला की आधी त्याच विहिरीचा नमुना पुन्हा घेतात. ‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थही शून्य असा नसतो, तर उपकरणाच्या शोधमर्यादेपेक्षा कमी, इतकाच असतो. प्रयोगशाळा बदलली की ही मर्यादा बदलते आणि प्रत्यक्षात नसलेला चढउतार आलेखात उमटतो. तेव्हा बदलाच्या काळात एकाच नमुन्याचे दोन भाग करून ते दोन्हीकडे पाठवणे शहाणपणाचे.