तूसँ लूव्हर्त्यूर : पूर्वायुष्य

तूसँ लूव्हर्त्यूर (सु. १७४३—७ एप्रिल १८०३) : कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत (आजचा हैती) १७९१ मध्ये झालेल्या गुलामांच्या उठावातून पुढे आलेला सर्वांत प्रभावी नेता. उठावात उतरला तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. इतिहास त्याला ओळखतो ते त्यानंतरच्या जेमतेम दहा-बारा वर्षांमुळे; त्याआधीचे दीर्घ आयुष्य मात्र त्याच्या दंतकथेत नीट बसत नाही आणि म्हणूनच ते अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे.

त्याचा जन्म वसाहतीच्या उत्तर भागात, काप-फ्रान्से या बंदराजवळच्या ब्रेदा नावाच्या ऊसमळ्यावर झाला. वडील इपोलित हे पश्चिम आफ्रिकेतील अलादा राज्यातून (आजच्या बेनिन देशात) पकडून आणलेले. आजोबा गाऊ-गिनू हे तेथील राजे होते, असे तूसँचा मुलगा इझाक याने पुढे लिहून ठेवले आहे. राजवंशाचा हा दावा घराण्याच्या आठवणींपुरताच समजणे बरे. तूसँ आफ्रिकी भाषा वडीलधाऱ्यांकडून शिकला, मळ्यावर क्रेओल (फ्रेंचमधून घडलेली वसाहतीतील मिश्रभाषा) बोलला आणि फ्रेंच त्याने नंतर कमावली. ती लिहिताना तो उच्चारानुसार अक्षरे जुळवी, त्यामुळे महत्त्वाची पत्रे तो लेखनिकांना सांगून लिहून घेत असे. प्येर-बाप्तिस्त या वृद्ध कृष्णवर्णीयाने त्याला अक्षरओळख करून दिली, असे परंपरा सांगते. लहानपणी तो इतका किडकिडीत होता की त्याला ‘फात्रा-बातों’, म्हणजे साधारण ‘काटकुळा’, असे चिडवत.

सँ-दोमँगमध्ये १७८९ च्या सुमारास सुमारे पाच लाख गुलाम होते आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत जन्मलेले होते. ऊसतोडणी, चरक आणि काहिली यांत माणसे इतक्या झपाट्याने मरत की मळेवाले नवी माणसे विकत घेऊनच संख्या टिकवून ठेवीत. तूसँच्या वाट्याला हे काम आले नाही. तो आधी गुरे राखी, मग घोड्यांची देखभाल करू लागला आणि पुढे व्यवस्थापक बायों द लिबेर्ता याचा गाडीवान झाला. गाडीवान मालकांच्या बैठकीबाहेर उभा असतो, गावोगाव फिरतो आणि बरेच काही ऐकतो. पुढच्या मुत्सद्द्याला याहून चांगली शाळा मिळाली नसती. जनावरांवर आणि माणसांवर वनौषधींचे उपचार करण्यातही त्याचा हातखंडा होता.

तो १७९१ पर्यंत गुलामच होता, असा समज दीर्घकाळ रूढ होता. वसाहतीतील जुन्या दप्तरांवर आधारित संशोधन १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हा समज मोडला : १७७६ च्या नोंदीत ‘तूसँ ब्रेदा’ हा मुक्त कृष्णवर्णीय म्हणून आढळतो आणि त्याने आपल्या मालकीच्या एका गुलामाला मुक्त केल्याचा उल्लेखही त्यात आहे. जावई फिलीप जास्में देझीर याचा कॉफीचा मळा त्याने १७७९ मध्ये तेथील तेरा गुलामांसह खंडाने घेतला. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने गुलाम बाळगणे त्या समाजात अपवादात्मक नव्हते. पण ज्याने पुढे गुलामगिरीविरुद्ध सैन्य उभारले, त्याच्या बाबतीत ही गोष्ट तळटीपेत ढकलता येत नाही. त्याने स्वतः याबद्दल मौनच पाळले. १८०२ मध्ये फ्रेंचांच्या कैदेत लिहिलेल्या निवेदनात आपण गुलाम होतो हे तो उघडपणे सांगतो, मालकांनी कधी बोल लावला नाही असेही म्हणतो, आपल्या ताब्यातील गुलामांचा मात्र उल्लेख करत नाही.

सेसील ही त्याची पहिली पत्नी. १७८० नंतरच्या दशकात त्याने सुझान सिमोन बाप्तिस्त हिच्याशी संसार थाटला. इझाक आणि सँ-जाँ हे त्यांचे मुलगे. प्लासिद हा सुझानचा आधीचा मुलगा, त्यालाही तूसँने आपलाच मानले. तूसँ श्रद्धाळू कॅथलिक होता.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मैदानातील मळे पेटले तेव्हा तूसँ लगेच बंडवाल्यांत गेला नाही. काही आठवडे तो ब्रेदावरच राहिला आणि लिबेर्ताच्या पत्नीला सुरक्षित स्थळी पोहोचवल्यानंतरच त्याने ब्यासू या सेनानायकाची छावणी गाठली. तेथे त्याचे पहिले काम वैद्याचे आणि लेखनिकाचे होते, तलवारीचे नव्हे. ‘लूव्हर्त्यूर’, म्हणजे ‘वाट उघडणे’ किंवा ‘फट’, हे नाव त्याच्या २९ ऑगस्ट १७९३ च्या जाहीरनाम्याखाली दिसते. त्याआधी तो मळ्याच्या नावावरून तूसँ ब्रेदा म्हणूनच ओळखला जाई.