मॉट की प्रागैतिहासिक टेकाड?

इंग्लंडमध्ये गावाच्या कडेला गवताने झाकलेले, उभ्या उतारांचे आणि सपाट माथ्याचे गोल टेकाड दिसले की ते १०६६मध्ये फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांच्या किल्ल्याचे असावे, असे सहसा धरले जाते. ते पुष्कळदा खरे असते. पण माणसांनी माती रचून टेकाडे उभारण्याचा प्रकार तेथे नॉर्मनांच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे.

१०६६च्या विजयानंतर नॉर्मन सरदारांना शत्रूच्या मुलखात झटपट ठाणी हवी होती आणि दगडी बांधकामाला वेळ लागला असता. म्हणून वर्तुळाकार खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला रचायची आणि माथ्यावर लाकडी मनोरा उभारायचा, अशी रीत पडली. या टेकाडाला मॉट म्हणतात. पायथ्याशी मेढेकोटाने वेढलेले आवार, म्हणजे बेली, असे आणि शिबंदी, तबेले, कोठारे असा रोजचा व्यवहार तेथे चाले.

प्रागैतिहासिक टेकाडांत कांस्ययुगीन दफनटेकाडे सर्वाधिक. ती बहुधा ठेंगणी, गोलसर माथ्याची असतात आणि अनेकदा डोंगरधारेवर गटाने आढळतात, त्यामुळे त्यांची मॉटशी गल्लत फारशी होत नाही. घोटाळा होतो तो मोठ्या टेकाडांबाबत. विल्टशरमधील सिल्बरी हिल इसवी सनापूर्वी २४००च्या सुमारास रचले गेले. ते सुमारे ४० मीटर उंच आहे आणि त्यात दफन सापडलेले नाही. बार्टलो येथील उंच, उभी टेकाडे तर रोमन काळातील दफनांची आहेत. थोडक्यात, उंचीवर विसंबता येत नाही.

मग बेली हीच पक्की खूण मानावी काय? बेलीचे बांध आणि खंदक दिसले, तर तेथे किल्ला होता हे नक्की. मात्र टेकाड किल्ल्यासाठीच रचले, हे त्यावरून ठरत नाही. यॉर्कशरमधील स्किप्सी येथे ड्रोगो या सरदाराने १०८६च्या सुमारास किल्ला केला. तेथे बेली आहे, सुमारे १३ मीटर उंच मॉट आहे आणि इंग्लिश हेरिटेज ही संस्था हे स्थळ सांभाळते. तरीही २०१६मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत ते टेकाड लोहयुगातले, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे निघाले. मार्लबरोचे १९ मीटर उंच टेकाडही मॉट म्हणूनच ओळखले जाई. तेही सिल्बरीच्या काळातले असल्याचे २०११मध्ये कळले. आयते टेकाड मिळत असताना नवे रचण्याचे श्रम कोण घेईल? आपल्याकडेही जुन्या वस्तीच्या पांढरीवर गढी बांधलेली आढळते, त्यातलाच हा प्रकार.

निवाडा होतो तो पोटातील मातीवरून. माथ्यापासून तळापर्यंत अरुंद नळी उतरवून मातीचा अखंड स्तंभ बाहेर काढतात, त्यात सापडलेल्या कोळशाच्या कणांचे वय रेडिओकार्बन पद्धतीने मोजतात आणि तळाशी गाडला गेलेला मूळ जमिनीचा थरही पाहतात. येथे एक सावधगिरी लागते. खंदकातून उपसलेल्या मातीबरोबर जुना कोळसाही वर येऊ शकतो आणि मग अस्सल मॉटसुद्धा प्रागैतिहासिक भासू शकते. म्हणून एका कणावर निर्णय न देता वेगवेगळ्या खोलीवरील अनेक नमुने एकमेकांशी ताडून पाहतात.